जपून ठेवलेले पाय

बाबागाडी ढकलत जाणारा म्हातारा सुशिक्षित दिसतो. नातवंडाला कडेवर घेऊन जाणारा म्हातारा नुसताच दमलेला दिसतो. हा फरक एकदा लक्षात आला की माणूस गाडीचा दांडा सोडत नाही. माझ्या तो पहिल्याच संध्याकाळी लक्षात आला. दत्त चौकात एका तरुणानं मोटारसायकल बाजूला घेतली आणि मला ‘या सर, निघा’ म्हटलं. उभा जन्म कचेरीत कारकुनी केली, पण ‘सर’ म्हणवून घ्यायला मला चार चाकं आणि एक नात लागली.

गाडी छोटीच्या आत्यानं, म्हणजे आमच्या लेकीनं, पुण्याहून पाठवलेली. राखाडी रंग, वर छत, पोटाशी पट्टे, गरकन वळणारी पुढची चाकं आणि दांड्याला पेला ठेवायचं एक कडं. सोबतच्या माहितीपत्रकात एक उंच गोरा बाप त्या कड्यात कॉफीचा ग्लास ठेवून बागेतून चालला होता. मी त्या कड्यात चष्म्याची डबी ठेवायचो आणि डबीखाली तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी. ‘काय आहे त्यात?’ असं आमच्या हिनं विचारलं तर ‘सोप’ असं उत्तर तयार होतं. हिनं कधी विचारलं नाही. ती फक्त नाकाला पदर लावायची.

गाडीची किंमत मात्र सगळे विचारायचे. मी हजार-दीड हजार चढवून सांगत असे. लेकीचा मान राहतो, आणि माझाही.

आता, छोटीला ही गाडी कधीपर्यंत हवी, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. तेव्हाचा प्रश्न उलटा होता. छोटी सतरा महिन्यांची झाली तरी पाऊल टाकेना. भिंत धरून दिवाणाला प्रदक्षिणा घालायची, पण दोन्ही हात सोडले की मटकन बसायची. शेजारच्या काकूंनी पांगुळगाडा आणायला सांगितला. लेक म्हणाली, मी चाकांचं वॉकर पाठवते, ज्यात मूल मधोमध बसतं तसलं. ते वॉकर कॅनडात २००४ सालापासून विकायलाच बंदी आहे, हे मी तिला ऐटीत सांगितलं. त्यात बसून पोरं जिन्यावरून खाली येतात, म्हणून बंदी. काकूंच्या लाकडी पांगुळगाड्याला कॅनडाची हरकत नसावी, कारण तो मुलानं उभं राहून ढकलायचा असतो. पण काकूंना हे सांगितलं असतं तर त्या जिंकल्या असत्या, म्हणून सांगितलं नाही.

शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी छोटीला तपासलं, हसवलं आणि मला एक तक्ता दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या धडधाकट मुलांवर नजर ठेवून काढलेला. आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने. भारतातली मुलं त्यात दिल्लीची होती. यवतमाळचं कुणी नव्हतं, तरी मी तक्ता मान्य केला. माझ्या हिशेबानं छोटीकडे अठरा दिवस शिल्लक होते. डॉक्टर म्हणाले, ‘आजोबा, हे रेल्वेचं तिकीट नाही, मुदत संपत नसते.’ त्यांना आमच्या गावाचा आणि रेल्वेचा संबंध ठाऊक नसावा. तिकडे मी येणारच आहे.

छोटी मुदतीच्या आत चालली. पहिली पावलं तिनं दिवाणापासून बाबागाडीपर्यंत टाकली आणि थेट चष्म्याच्या डबीला हात घातला. डबीखालची पुडी त्या दिवशी सर्वांसमक्ष बाहेर आली. घरात दोन गोष्टी एकदम साजऱ्या झाल्या, एकीसाठी पेढे आणि दुसरीसाठी अबोला.

यानंतर गाडी माळ्यावर जायला हवी होती. पण मूल चालू लागणं आणि मुलानं गाडी सोडणं यांच्यामध्ये दीड-दोन वर्षांचा एक मोठा मुलूख असतो, आणि त्या मुलुखात मोठ्या माणसांचं राज्य असतं. संघटनेनंच २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नियम काढले. प्रॅममध्ये, उंच खुर्चीत किंवा कुणाच्या पाठीला बांधून मुलाला एका वेळी तासाभराहून जास्त जखडून ठेवू नये. एक ते चार वर्षांच्या मुलानं दिवसाकाठी निदान १८० मिनिटं हातपाय हलवावेत. हे मी हिला वाचून दाखवलं तेव्हा छोटी दिवाणावरून गादीवर उड्या मारत होती. ‘तिची एकशेऐंशी मिनिटं सकाळच्या चहाआधीच होतात,’ ही म्हणाली. ‘तुमची किती होतात ते सांगा.’

मग मी एक पाहणी काढून दाखवली. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१२ साली मोजलं होतं, की बारा ते एकोणीस महिन्यांचं मूल मोकळं सोडलं तर तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. हा आकडा वाचून मला पहिल्यांदा छोटीबद्दल आदर वाटला. तासात सतरा वेळा पडून पुन्हा उठणं! मी घसरून एकदा पडलो तर गावाला महिनाभर सांगतो, आणि सांगताना पायरी दर खेपेला उंच होत जाते.

गाडीच्या बाजूनं बोलायला मात्र मी इतिहास गोळा केला. पहिली बाबागाडी म्हणतात ती विल्यम केंट नावाच्या इंग्रजानं १७३३ साली ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या मुलांसाठी बनवली. तिला शेळी किंवा तट्टू जुंपायचं, पोरं मागे बसणार. आमच्या गल्लीत शेळ्यांना तोटा नाही, पण त्या कुणाचं ऐकतील असं वाटत नाही. घडी होणारी हलकी गाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेननं काढली. हा गृहस्थ विमानाचा इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यानं काम केलं होतं. हलका, दुमडणारा सांगाडा बनवायचं ज्ञान त्यानं नातवंडाच्या गाडीत घातलं. आमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा तुकडा बघता हे ज्ञान वाया गेलेलं नाही. पहिल्या पावसानंतर मॅक्लारेनला स्वतः येऊन दुरुस्ती करावी लागली असती, एवढंच.

इतकी तयारी करून मी ऐटीत बाजारात गेलो, आणि भाजीवाल्या मावशीनं एका वाक्यात निकाल लावला. वांगी निवडता निवडता तिनं गाडीत डोकावून बघितलं. छोटी पाय पसरून, हातात गाजर घेऊन, एखाद्या जमीनदारिणीच्या थाटात बसली होती.

‘काऊन काकाजी, पोरीले चालता येत नाई का?’

‘येतं ना. पळते.’

‘मंग? पाय कोनासाठी जपून ठेवून रायले तिचे?’

याला उत्तर ना जागतिक आरोग्य संघटनेकडे होतं, ना ड्यूक ऑफ डेव्हनशरकडे. मी अर्धा किलोऐवजी किलोभर वांगी घेतली. घरी आल्यावर त्या वांग्यांचाही जाब द्यावा लागला.

आता खरं कारण सांगतो. छोटीला चालवत नेणं मला परवडत नव्हतं, आणि ते पैशाचं नव्हे, वेळेचं. निवृत्त माणसाला कसली घाई, असं ज्याला वाटतं त्यानं तीन वर्षांखालचं मूल घेऊन देवळापर्यंत जाऊन यावं. फाटकापाशी मुंग्यांची रांग असते, ती संपेपर्यंत बघायची. मग शेळी. शेळीशी बोलायचं. शेळीनं उत्तर दिलं नाही तर थांबून राहायचं. पुढे वाळूचा ढीग. त्यातला एक खडा उचलायचा, चार पावलं गेल्यावर तो बरोबर नव्हता असं लक्षात येतं, मग परत ढिगाकडे. देऊळ दिसतंय, आरतीची घंटा ऐकू येतेय, आणि आपण मागे चाललोय. अशा वेळी तिला उचलून गाडीत घालावं, पट्टा लावावा आणि सुसाट सुटावं, ही इच्छा कुठल्याही सज्जन माणसाला होते. मग गाडीतून आकांत उठतो, लोक वळून बघतात, आणि सुशिक्षित दिसण्याचा सगळा खटाटोप फुकट जातो.

गंमत अशी, की मी ज्या गावात वाढलो त्या गावाला घाई नावाची गोष्ट माहीतच नव्हती. आमच्याकडे शकुंतला होती.

शकुंतलेचा विषय निघाला की घरची माणसं उठून जातात, पण वाचकाला तशी सोय नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. १९०३ सालापासून धावणारी, आणि धावणारी हा शब्द मी मानानं वापरतो. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लायनीवर आणून मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला न्यावा म्हणून ही लाइन टाकली. तिच्या वाफेच्या इंजिनाचा जन्मही मँचेस्टरचाच, १९२१ चा. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, पण ही चिमुकली लाइन कागदोपत्री कंपनीचीच राहिली. गाडी आपली, माणसं आपली, आणि रूळ वापरायचा मोबदला मात्र कंपनीला. हे मला शाळेत असताना कळलं तेव्हा मी फार चिडलो होतो. मग गाडी आली, आणि चिडायचं राहून गेलं. तिच्यावर चिडणं शक्यच नव्हतं.

तिच्या वेगाबद्दल आमच्याकडे जितक्या तोंडांनी सांगाव्यात तितक्या गोष्टी आहेत. लाडखेडच्या अलीकडे उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटावेत आणि पुढच्या डब्यात चढावं, असं माझे वडील सांगत. पुढच्या की मागच्या, यावर त्यांच्यात आणि माझ्या काकांमध्ये वाद होता. काका म्हणायचे मागच्या डब्यात, कारण तुझा बाप हरभरा निवडून घ्यायचा. दारव्हा मोतीबागला गाडी थांबली की लोक खाली उतरून पाणी पीत, ओळखीचा भेटला तर त्याच्या लेकीच्या लग्नाचं बोलणं रुळापाशी सुरू होई. शिट्टी होई. कुणी हलत नसे. दुसरी शिट्टी होई. मग गार्ड येऊन त्या बोलण्यात भाग घेई, कारण मुलगा त्याच्या पाहण्यातला असे. कारंज्यापर्यंत बैठक पक्की व्हायची. आमच्या भागातली कितीतरी लग्नं या गाडीनं जमवली असतील, आणि पोचायला उशीर करून दोन-चार मोडलीही असतील. गाडीवर मोजकी माणसं. तीच तिकीट देणार, तीच झेंडी दाखवणार, तीच फाटक लावणार. फाटक लावायला गाडी थांबवून खाली उतरायचं, गाडी पलीकडे न्यायची, पुन्हा थांबायचं, फाटक उघडायचं. या सगळ्यात बाजूच्या शेतातला बैल मान वर करून बघायचा आणि पुन्हा खाली घालायचा.

वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं आणि डिझेलचं आलं. आमच्या मते तिथून घाई सुरू झाली. डिझेलनंही वेग काही फार वाढला नाही, पण शिट्टीचा आवाज घाईचा होता. आता तीही गाडी नाही. रुळांत तण माजलंय. वर्धा-यवतमाळ-नांदेड अशी २८४ किलोमीटरची मोठी लाइन होतेय. तिचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. छोटीनं पहिलं पाऊल टाकलं तेही त्याच सुमाराला. कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन रेल्वे जरा विसावली. छोटी मात्र पुढे निघाली.

तर ज्या माणसाचं बालपण गाडी शेतापाशी थांबण्यात गेलं, त्याला आज नात शेळीपाशी थांबलेली सोसत नाही. शकुंतला थांबली की आम्ही खाली उतरून मजा करत असू. छोटी थांबली की मी घड्याळ बघतो, आणि घड्याळात माझ्यासाठी काहीही लिहिलेलं नसतं.

पण सगळा दोष माझ्या घाईचा, असंही म्हणू नका. छोटीचं बोट धरून मोठ्या रस्त्याला लागून दाखवा. कडेला चालायला जागा म्हणून जी असते, तिच्यावर आधी टपरी, टपरीपुढे बाक, बाकापुढे मोटारसायकली, आणि उरलेल्या वितीवर उघडी नाली. चालणाऱ्यानं डांबरावर उतरायचं. डांबरावर तीन-तीन पोट्टे एका गाडीवर बसून, पुढच्याच्या कानाला मोबाइल. नवरात्रात तर आमच्या गावाचा थाट मोठा. दुर्गोत्सव बघायला जिल्हाभरातून माणूस लोटतो, आणि त्या गर्दीत तीन फुटी जीव कुणाच्या गुडघ्याला लागेल सांगता येत नाही. घडीची बाबागाडी विमानवाल्यानं काढली ती न्यायला-आणायला सोपी जावी म्हणून. आमच्याकडे ती चिलखत म्हणून वापरतात. मूल कधी चालायला शिकतं, हे डॉक्टर सांगतात. ते रस्त्यानं कधी चालू शकेल, हे कुणी सांगत नाही. ज्या गावात तीन वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याला कडेनं धड चालता येत नाही, त्या गावानं कितीही चौक सुशोभित करावेत, मला त्याचं कौतुक नाही. कारंजी तर मुळीच दाखवू नयेत.

मागच्या हंगामात, दिवाळीनंतर, मी छोटीला घेऊन सकाळीच बाहेर पडलो होतो. गावाबाहेरच्या नाक्यावर वेचणीला जाणाऱ्या बाया ऑटोची वाट बघत उभ्या होत्या. कापूस फुटला की हे रोजचं असतं. किलोमागे मजुरी, म्हणून जितक्या लवकर वावरात पोचाल तितकं बरं. एकीच्या कडेवर सहा-आठ महिन्यांचं बाळ, डोक्यावर गाठोडं. तिच्या मागे एक पोरगी उभी, छोटीहून फार तर वर्षानं मोठी. हातात पाण्याची प्लास्टिकची कॅन, जवळजवळ तिच्या कमरेइतकी. कॅन जमिनीला लागू नये म्हणून ती एका अंगाला झुकली होती.

आमच्याकडे मूल कडेवरून कधी उतरतं, याला कुठल्या तक्त्याची गरज नाही. पाठचं आलं की उतरतं. कड एकच असते. मग ते वावरापर्यंत चालतं, वावरात धुऱ्यावर बसतं आणि बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत पाठच्याला झोका देतं. त्याची एकशेऐंशी मिनिटं कुणी मोजायला जात नाही.

पोरगी गाडीकडे बघत होती. चाकांकडे, छताकडे, मग छोटीच्या पायांकडे. छोटी तिच्याकडे बघत होती, तिच्या कॅनकडे. तिलाही ती कॅन हवी होती, हे मला तिच्या ओठांवरून कळलं.

आईनं विचारलं, ‘केवढ्याची हाय जी गाडी?’

आयुष्यात पहिल्यांदा मी किंमत उतरवून सांगितली. निम्म्याहून कमी. तरी ती ‘अगं माय’ म्हणालीच. मग ऑटो आला. बाळ, गाठोडं, बाया, कॅन, पोरगी, सगळं त्यात कोंबलं गेलं आणि ऑटो निघून गेला. घरी येईपर्यंत मी आणि छोटी काही बोललो नाही. छोटी गाजर खात होती. मला कशाचा राग आला होता ते मला धड सांगता येत नव्हतं, आणि आजही येत नाही. पण त्या दिवसापासून गाडीचा दांडा पहिल्यासारखा हातात बसेना.

हिला मी ही हकिगत सांगितली. ती म्हणाली, ‘आपल्या दोन्ही पोरांना मी कडेवर घेऊनच वाढवलं. एका कमरेनं. तेव्हा तुम्ही कुठे होता?’ मी शकुंतलेनं दौऱ्यावर होतो, हे उत्तर मी दिलं नाही.

गाडी सुटली ती पोळ्याला. म्हणजे मोठ्या पोळ्याला नव्हे, दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कारण पुण्याच्या जावयाला हे दर वर्षी सांगावं लागतं. श्रावणी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा झाला की भाद्रपदाच्या प्रतिपदेला आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो. लाकडी बैल, त्याला लाकडी चाकं, गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड. पोरं नटूनथटून दोरीनं बैल ओढत पोळ्यात नेतात. मग घरोघरी न्यायचा, लोक बैलाला ओवाळतात आणि पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ नाही तर पैसे, ठेवतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची चाल आहे म्हणतात. ज्या राजानं हे सुरू केलं त्याला पोरांची पारख होती, एवढं नक्की.

छोटीसाठी मी बैल आणला. बाजारातला सगळ्यात मोठा, कारण शेजारच्यांनी मध्यम आणला होता. छोटी गाडीत, बैल माझ्या हातात, अशी आमची स्वारी निघायची ठरली. छोटीला फेटा बांधला, नऊवारी नेसवली, गाडीत बसवलं आणि मी पट्टा लावायला वाकलो.

‘नाही,’ छोटी म्हणाली.

‘बेटा, पोळा दूर आहे.’

‘बैलाला चाकं आहेत.’

‘हो, मग?’

‘मग मी चालणार.’

इतका सरळ तर्क मी कचेरीतल्या कुठल्या टिपणीत वाचला नाही. ज्याच्या हातात दोरी असते तो चालतो. चाकांवर एकच कुणी तरी बसू शकतं, बैल नाही तर ती. तिनं दोरी हातात घेतली आणि निघाली. मैदानापर्यंत शेळी नाही, मुंगी नाही, वाळू नाही. मागे वळून बैल पडला का बघायचं, पडला तर उभा करायचा, ‘हो, हो’ म्हणायचं आणि पुढे. न्यूयॉर्कवाल्यांनी त्या दिवशी मोजायला हवं होतं. बैलच सतरापेक्षा जास्त वेळा पडला असेल. मी रिकामी गाडी ढकलत मागे. रिकामी बाबागाडी ढकलणारा म्हातारा सुशिक्षित दिसत नाही, तो कुणाचं तरी मूल हरवून आल्यासारखा दिसतो. तिघांनी थांबवून विचारलंही.

बोजारा जमला. भाजीवाल्या मावशीनंही दिला. बैलाला कुंकू लावलं, छोटीची मूठ उघडून नाणं ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आता बरे निंगाले पाय!’

परतताना मला खात्री होती की छोटी दमेल, हात वर करेल आणि गाडी मागेल. मनातून मी त्या क्षणाची वाटच बघत होतो. घर दोन गल्ल्यांवर आलं तेव्हा ती थांबली. हात वर केले. मी झुकलो.

‘बैल थकला,’ ती म्हणाली.

बैलाला गाडीत बसवलं. तिनं सांगितलं म्हणून पट्टाही लावला, पोटाशी एक आणि खांद्यांवरून दोन. छत ओढलं, कारण बैलाला ऊन लागत होतं. मग दांड्याखालच्या आडव्या नळीला धरून ती ढकलू लागली आणि मी वरून नुसता हात ठेवला. ‘या सर, निघा’ असं म्हणायला त्या दिवशी कुणी थांबलं नाही. लाकडी बैलाला बाबागाडीतून हवा खायला नेणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे गावानं ठरवलं नसावं.

त्यानंतर ती गाडीत बसली नाही. आठवडाभरानं ती तीन वर्षांची झाली. आता देवळापर्यंत आम्हाला तास लागतो, आरती चुकते, पण प्रसाद उशिरा आलेल्यालाही मिळतो. मोठ्या रस्त्याला लागलो की मी तिला आतल्या बाजूला घेतो आणि गाड्यांवरच्या पोट्ट्यांना शिव्या देतो. मनातल्या मनात, कारण छोटी हल्ली सगळे शब्द उचलते.

गाडी माळ्यावर गेली नाही. आमच्या हिनं ती दळणासाठी घेतली आहे. गव्हाचा डबा तिच्यात चपखल बसतो, पट्टा लावला की सांडत नाही, आणि कड्यात चक्कीवाल्याचे सुटे पैसे राहतात. गाडीवर पंधरा किलोची मर्यादा लिहिली आहे, तेवढं दळण असेल तर शेजाऱ्यांनी खुशाल मागून न्यावी. कुणाचं मूल वर्षाचं असेल तरी न्यावी. तीन वर्षांचं असेल तर मात्र आमचं फाटक वाजवू नये, आणि गावात मोटारसायकल चालवत असाल तर आमच्या गल्लीत शिरताना थोडी हळू घ्या, शेळीशी बोलणं चालू असतं.